चाचणीचे शनिवार

शनिवारी दुपारी दोन वाजता ती लॅबचं दार ओढून घेत होती, तेवढ्यात जिन्यावरून कुणीतरी दोन-दोन पायऱ्या गाळत, धापा टाकत वर आलं.

"थांबा... एक मिनिट... बंद करू नका!"

समोर उन्हानं रापलेला, चांगलाच उंच तरुण उभा होता. हातात एक रुमाल, पाखराचं पिल्लू धरावं तसा जपून धरलेला. त्यानं तो हळूच उघडला. आत गुलाबी रंगाची वरची कवळी होती. बरोब्बर मधोमध दोन तुकडे झालेली.

"माझ्या आजोबांचे दात," तो म्हणाला.

"आणि आजोबा?"

"खाली बाकावर बसलेत. तोंडापुढे वर्तमानपत्र धरून. दात मिळेपर्यंत जगाशी बोलणार नाही म्हणतात."

तिला हसू आलं. सवयीप्रमाणे तिचा हात तोंडाकडे गेला आणि तिनं हसू तळहाताआड लपवलं.

"आम्ही असं परस्पर काम घेत नाही. डॉक्टरांकडून यावं लागतं."

"डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी येणार. कवळीच्या डबीवर तुमच्या लॅबचा पत्ता होता, म्हणून धावत आलो. उद्या आजोबांचा वाढदिवस आहे हो. अठ्ठ्याहत्तर पूर्ण. त्यांचे जहाजावरचे पाच दोस्त जेवायला येणार आहेत. आजोबा चाळीस वर्षं जहाजावर आचारी होते. उद्याचं सगळं ते स्वतः रांधणार... आणि पाहुणे जेवताना स्वतः सूप पीत बसणार?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. माणसं आधी डोळे बघतात म्हणे. ती दात बघायची. दहा वर्षं दुसऱ्यांचे दात घडवून लागलेली खोड. याच्या वरच्या डाव्या बाजूचा सुळा किंचित वळलेला होता. एरवी असा दात दिसला की तिच्या बोटांना तो सरळ करायची घाई होई. हा मात्र तिला तसाच बरा वाटला.

तिनं डॉक्टरांना फोन लावला. "कर गं बाई, ते म्हातारबुवा मला सुखानं सुट्टी घेऊ देणार नाहीत," असं उत्तर आलं. मग तिनं पिशवी खुंटीला परत अडकवली आणि दिवा लावला.

"दोन तास लागतील. बसा. कशालाही हात लावू नका."

तो स्टुलावर बसला. बसल्यावरही त्याचे गुडघे टेबलाच्या वर येत होते. तिनं तुकडे जुळवून मेणानं चिकटवले, आतून प्लास्टर ओतलं, ते घट्ट झाल्यावर तुटलेल्या कडा घासल्या. मधल्या फटीत गुलाबी पूड आणि द्रव थेंबाथेंबानं भरताना ती श्वास रोखून धरी. तोही नकळत रोखायला लागला.

"तुम्ही श्वास घेतला तरी चालेल," ती मान वर न करता म्हणाली.

"हो का? मला वाटलं, इथला नियमच आहे."

पुन्हा तळहात, पुन्हा तळहाताआडचं हसू.

"तुम्ही काय करता?"

"क्रेन चालवतो." त्यानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. छपरांच्या पलीकडे अर्धवट बांधलेल्या उंच इमारतीवर पिवळी क्रेन आभाळात हात पसरून उभी होती. "त्या टोकाच्या केबिनमध्ये. सकाळी शिडीनं चढतो, डबा वरच खातो, संध्याकाळी उतरतो. दिवसभर कानात खालच्या माणसाचा आवाज... डावीकडे, अजून थोडं, सावकाश, बास."

"एकटं नाही वाटत?"

"वाटतं की. म्हणून लोकांच्या खिडक्या बघतो." मग जरा थांबून म्हणाला, "संध्याकाळी उतरताना इकडच्या रांगेत एकच दिवा चालू दिसतो. मला वाटायचं, कुणीतरी रोज बंद करायला विसरतंय."

"मी असते तिथे."

"आज कळलं," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

कवळी घासून, चकाकी आणून झाल्यावर आजोबांना वर आणलं. ठेंगणे, गोल, पांढऱ्या मिशांचे आजोबा वर्तमानपत्राच्या आडून तिला आपादमस्तक न्याहाळत होते. कवळी बसवून तिनं त्यांना आकडे म्हणायला सांगितले. 'स' नीट उमटला की समजायचं, काम जमलं.

"सत्तर म्हणा. आता सत्त्याहत्तर."

"अठ्ठ्याहत्तर," आजोबा खणखणीत आवाजात म्हणाले. "उद्यापासून."

"बेसिनमध्ये पडली होती ना? यापुढे जपा."

"कोण म्हणतं बेसिनमध्ये? अक्रोड फोडत होतो."

नातवानं कपाळाला हात लावला.

"आठवडाभर वापरा आणि कुठे टोचलं तर या," ती म्हणाली.

"खाल्ल्याशिवाय टोचतंय का कसं कळणार? आणि इथे तू मला खायला काय देणार, प्लास्टर?" आजोबांनी काठी आपटली. "पुढच्या शनिवारी आम्ही दोघं बागेत जातो. दर शनिवारी कुठेतरी जातोच, हा नेतो मला. तूही ये. मी सफरचंद चावतो, तू बघ. याला म्हणतात चाचणी."

नातू घाईघाईनं म्हणाला, "आजोबा, त्यांना त्यांची कामं असतील..."

"दुपारी दोननंतर नसतात," ती बोलून गेली. आणि मग तिचंच तिला आश्चर्य वाटलं.

*

तिचे शनिवार तोवर अगदी ठरलेले होते. घरी जायचं, कपडे धुवायचे, आईबरोबर चहा प्यायचा. आई घरीच पडदे शिवायची. शिवणयंत्राची खडखड आणि दोघींच्या चार गप्पा, एवढंच घर. वाईट नव्हतं काही. फक्त, शनिवार आणि मंगळवार यांत फरक सांगता आला नसता.

"दात बघायला बागेत जातात हल्ली?" आईनं सुईत दोरा ओवत विचारलं.

"आजोबांचे आहेत गं."

"हो का? मग केस आजोबांसाठीच धुतलेस वाटतं."

पहिल्या शनिवारी सफरचंद झालं. आजोबांनी ते चावलं, डोळे मिटले, जबडा डावीकडे-उजवीकडे फिरवला आणि निकाल दिला, "उत्तम. पण एका फळावरून काही सांगता येत नाही. पुढच्या शनिवारी टोस्ट."

टोस्ट झाला, कोपऱ्यावरच्या छोट्या हॉटेलात, ऑम्लेटबरोबर. मग काजू, मग गाजरं, मग मासा. कधी बाजारात हिंडणं, कधी तळ्याकाठी नुसतं बसणं. आजोबा मधे आणि ही दोघं दोन बाजूंना, अशी ती वरात निघायची. हॉटेलात आजोबा प्रत्येक पदार्थाची उलटतपासणी घेत. "रस्सा चांगला आहे, पण घाईत केलाय. कांद्याला वेळ दिला नाही. कांदा आणि माणूस, दोघांना मंद आच लागते," असं म्हणून ते नातवाकडे रोखून बघत, आणि तो पाण्याचा ग्लास नको इतका वेळ तोंडाला लावून बसे.

एकदा बाजारात पावसानं गाठलं. तिघं फुलवालीच्या निळ्या ताडपत्रीखाली शिरले. ताडपत्रीच्या कडेवरून पाण्याची धार नेमकी तिच्या खांद्यावर पडत होती.

"डावीकडे," तो हळूच म्हणाला.

ती डावीकडे सरकली.

"अजून थोडं... सावकाश..."

ती अजून थोडी सरकली. आता त्याच्या ओल्या शर्टाची बाही तिच्या दंडाला लागत होती. निशिगंधाचा वास, ताडपत्रीवर पावसाचा ताशा, आणि अगदी कानापाशी त्याचा आवाज —

"बास."

दोघंही पुढचा बराच वेळ समोरच्या दुकानाची पाटी अशा एकाग्रतेनं वाचत होते, की जणू परीक्षेला तीच येणार होती. आजोबांनी मात्र पाठ फिरवून फुलवालीशी निशिगंधाच्या भावावरून वाद उकरून काढला आणि पाऊस थांबेपर्यंत मिटू दिला नाही.

त्याच दिवशी आजोबा ओले बूट सुकवत हॉटेलात पेंगले, तेव्हा तो तिला म्हणाला, "तुला कंटाळा येत असेल ना? दर वेळी आजोबा बरोबर..." तुम्हीचं तू कधी झालं होतं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"मुळीच नाही."

"मी सहा वर्षांचा होतो तेव्हा आई-बाबा दोघंही गेले. एकाच अपघातात. आजोबा तेव्हा समुद्रावर होते. पुढच्या बंदरात उतरले ते परत चढलेच नाहीत. त्या माणसाला जमिनीवर झोप लागायची नाही, माहितीये? खाट हलत नाही म्हणून. तरी राहिले. दर शनिवारी मला कुठेतरी न्यायचे. बागेत, बोटी बघायला, नाहीतर नुसतं बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत. पोराला शनिवारची वाट बघता आली पाहिजे, म्हणायचे. मग बाकीचे सहा दिवस निघतात." त्यानं पेंगणाऱ्या आजोबांच्या गळ्यातला मफलर सारखा केला. "आता मी नेतो. फेडायचं म्हणून नाही. मलाच अजून वाट बघायला आवडतं."

घरी जाताना तिला जाणवलं, की तिलाही आता सोमवारपासून वाट बघायची सवय लागली आहे. कुणाचे आभार मानावेत ते कळेना. अक्रोडाचे मानावेत, तर ते बरं दिसलं नसतं.

*

तीन महिने असे गेले. मग तो शनिवार आला.

तळ्याकाठी ऊन स्वच्छ पडलं होतं. आजोबांनी जाहीर केलं, "आज शेवटची आणि सर्वांत अवघड परीक्षा. कणीस!" गाडीवरची तीन भाजलेली कणसं घेऊन तिघं बाकावर बसले. आजोबा कणसाला भिडले. तो मात्र आपलं कणीस हातात नुसतं फिरवत होता.

"तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "आमची इमारत संपत आली. पंधरा दिवसांत क्रेन उतरवतील. पुढचं काम... इथून चार तासांवर आहे. आठ महिन्यांचं."

तिनं एकदम कणसाचा मोठा घास घेतला, पुढच्या दातांनी, आजवर जे कधीच करायची नाही ते.

कट्.

आवाज बारीकच होता, पण तिला तो आभाळ फाटल्यासारखा ऐकू आला. जिभेला एकदम मोकळी जागा लागली. तिनं तोंडावर हात दाबला, कणीस तिथेच टाकलं आणि उठली.

"मी... जाते," कसंबसं एवढंच तळहाताआडून निघालं, आणि तेही बोबडं.

"अगं, ऐक तरी!"

ती ऐकायला थांबली नाही. जवळजवळ पळतच लॅबवर आली, दार आतून लोटून घेतलं आणि आरशासमोर उभी राहिली. वरचे पुढचे दोन दात होते तिथे एकच होता. दुसरा पट्टीसकट दुभंगून तिच्या मुठीत आला होता.

एकोणिसाव्या वर्षी ती सायकलवरून तोंडघशी पडली होती. दोन दात गेले. वर्गातल्या एका मुलानं, ज्याच्यासाठी ती रोज वेळेआधी वर्गात जायची त्यानंच, सगळ्यांसमोर तिच्या बोबड्या बोलण्याची नक्कल केली होती. तेव्हापासून हात तोंडाकडे जायला लागला. हा धंदाही तिनं त्यापायीच धरला. शिकाऊ असताना पहिलं काम केलं ते स्वतःचं: गुलाबी पट्टीवर दोन दात, इतके हुबेहूब की आईखेरीज कुणाला पत्ता नव्हता. पक्के बसवून घेऊ, बसवून घेऊ म्हणता दहा वर्षं उलटली. दुसऱ्यांची कामं नेहमी आधी असायची.

जिन्यावर काठीचा आवाज आला. दोन मजले, एकेक पायरी, मधे दोनदा विश्रांती. दार ढकलून आजोबा आत आले आणि मटकन स्टुलावर बसले. तिनं पाठ फिरवली.

आजोबांनी दम खाल्ला. मग त्यांनी काय केलं, तर शांतपणे आपली वरची आणि खालची कवळी काढली आणि टेबलावर ठेवली.

"हं," ते बोळक्या तोंडानं म्हणाले. "आता आपण एका पंगतीतले. वळ इकडे."

ती वळली. समोर गालफडं बसलेला, हनुवटी नाकाला टेकलेला म्हातारा तिच्याकडे बघून मनापासून हसत होता. तिला रडू फुटलं आणि रडता रडता हसूही. हात मात्र तोंडावर घट्ट होता.

"तुम्ही... पाहिलंत?"

"जहाजावर दोनशे माणसं जेवायची. कोण कुठल्या दातानं चावतो ते सांगू शकायचो मी. तुझं मला पहिल्या सफरचंदाच्या दिवशीच कळलं. तू तुझं सफरचंद चाकूनं कापून घेतलंस."

"मग बोलला नाहीत?"

"दात तुझे. सांगायचं की नाही, तू ठरव." आजोबांनी मिशी पुसली. "त्याला अजून कळलेलं नाही. खाली उभा आहे. त्याला वाटतंय, आपण जाणार म्हटलं म्हणून तू रागावून निघून गेलीस. तळ्यापासून इथपर्यंत सतरा वेळा विचारलं मला, 'मी चुकीच्या वेळी बोललो का?' मी म्हटलं, मला काय विचारतोस, मी कणीस खात होतो."

ती खिडकीपाशी गेली. खाली तो बाकाच्या कडेला बसला होता, तिचं अर्धवट खाल्लेलं कणीस अजून हातात धरून.

तिनं हाक मारली नाही. ती स्वतःच दोन मजले उतरली. तो उभा राहिला, बोलायला तोंड उघडलं, पण तिनं त्याला थांबवलं.

"आधी मी," ती म्हणाली. आणि तोंडावरचा हात खाली घेतला.

सरळ त्याच्याकडे बघत, बोबड्या जिभेनं, तिनं सगळं सांगितलं. सायकल, वर्ग, ती नक्कल, दहा वर्षं. एका जागी 'सायकल'चं भलतंच काही झालं, तरी ती थांबली नाही.

तो ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, "म्हणजे... तू माझ्या बातमीमुळे गेली नव्हतीस?"

"बातमीनं वाईट वाटलंच. पण पळाले ती दातामुळे."

"हुश्श!" तो धप्पकन बाकावर बसला. "आणि ते तोंड झाकणं... मला वाटायचं, माझे विनोद इतके वाईट असतात की तू जांभई लपवतेस."

"काही काही असतात."

"हे तू स्वतः बनवलेस? स्वतःसाठी?"

"हो."

"तीन महिने समोर बसतोय मी. कळलं नाही." त्याच्या आवाजात दया नव्हती, एका कारागिराला दुसऱ्याच्या हातातलं काम बघून वाटतं ते होतं. मग आवाज एकदम खाली आला. "आता पुन्हा हस बघू. हात न लावता. मी तुझं अख्खं हसू अजून पाहिलेलंच नाही."

"असं? एका दातानं?"

"मी कुठे मोजतोय..."

ती हसली. पहिल्यांदा जरा चाचरत, मग खळखळून. तो बघत राहिला. येणारे-जाणारेही बघत होते. वरच्या खिडकीतून बोळक्या तोंडाचा आवाज आला, "झालं असेल तर कुणीतरी मला खाली उतरवा! आणि माझे दात अजून टेबलावरच आहेत!"

*

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिनं दोघांना घरी जेवायला बोलावलं. आईनं शिवणयंत्र भिंतीला सरकवून टेबल मोकळं केलं, खिडकीला नवे पडदे लावले आणि "मी काही विशेष केलेलं नाही" असं चारदा सांगितलं. आजोबा हात बांधून बसणाऱ्यांतले नव्हते. ते सरळ स्वयंपाकघरात शिरले.

"काका, तुम्ही पाहुणे आहात," आई म्हणाली.

"पाहुणा आहे म्हणून तर फक्त झाकण उघडून बघतोय." त्यांनी पातेल्यात डोकावून वास घेतला. आई श्वास रोखून उभी होती. आजोबांनी झाकण अलगद परत ठेवलं. "कांद्याला वेळ दिलात. बास, मला आणखी काही विचारायचं नाही."

जेवण लांबलं. आजोबांनी वादळात उकळत्या सूपचं पातेलं मिठीत धरून बसल्याची गोष्ट सांगितली. आईनं एका गिऱ्हाइकानं पडदे उलटे लावून तक्रार केल्याची सांगितली. ती आणि तो मुकाट जेवत होते. टेबलाखाली त्याचे लांब पाय ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे तिचे पाय त्याच्या पायांना लागत होते आणि दोघांपैकी कुणीही ते बाजूला घेत नव्हतं.

भात वाढता वाढता आईनं विचारलं, "मग क्रेनवाले, तुम्ही म्हणे चाललात? पुढे काय ठरवलंय?"

त्यानं घास खाली ठेवला. पाणी प्यायला. कान लाल झाले.

"चाललोय, आठ महिन्यांसाठी. पस्तीस शनिवार होतात, मोजले मी. प्रत्येक शनिवारी दुपारच्या बसनं येणार, रविवारी संध्याकाळी परत." तो आईकडे बघून सुरू झाला होता, पण आता तिच्याकडे वळला. "आठ महिन्यांनंतर आमच्या कंपनीचं इथेच नवं काम निघतंय. मी साहेबांना आजच कळवलंय, ते मलाच द्या. मला... म्हणजे... शनिवार-रविवार तुझ्याबरोबर आवडतातच. पण मला सोमवार पण हवाय. मंगळवार पण. सगळेच. तुला चालेल का?"

आजोबा चावायचे थांबले. आईच्या हातातला डाव हवेतच राहिला.

तिनं आजवर या क्षणाची कल्पना केली नव्हती असं नाही. पण कल्पनेत ती नेहमी काहीतरी सुंदर बोलायची. आता सुचलं ते एवढंच,

"सोमवारी मला लॅबमधून यायला उशीर होतो."

"मी थांबेन."

"आणि... दोन दात खोटे आहेत. कायमचे."

"आजोबांचे बत्तीस आहेत. मी वाढलोय त्यांच्यात."

"मग चालेल," ती म्हणाली. आणि मग, आपण पुरेसं बोललो नाही असं वाटून, "मला फार आवडेल. मला तू फार आवडतोस."

आईनं डाव पातेल्यात सोडला आणि डोळ्यांना पदर लावला. "कांदा," ती म्हणाली, "कांद्याची वाफ." शिजून तास उलटलेल्या कांद्याला आजोबांनीही हरकत घेतली नाही. त्यांनी फक्त ताट पुढे केलं.

"भात वाढा. आणि याला 'तुम्ही' म्हणणं सोडा आता. डोक्यावर चढेल. आधीच उंच आहे."

मग हळूहळू बाकीचं ठरलं. आठ महिने आजोबांनी एकटं राहू नये, असं त्याचं म्हणणं. नातवाबरोबर परगावी जायचं नाही, असं आजोबांचं. आईनं तोड काढली. रोज दुपारी आजोबांनी इथे जेवायला यायचं. "मला एकटीला रांधायचा कंटाळा येतो, काका. ही दिवसभर लॅबमध्ये."

"रांधणार कोण ते आधी ठरवू," आजोबा म्हणाले, आणि त्यावरून जो वाद सुरू झाला तो भांडी घासून होईपर्यंत चालला.

तो भांडी विसळत होता, ती पुसत होती. बाहेरच्या खोलीतून दोन आवाज एकमेकांवर चढत होते. एवढ्या वर्षांत या घरात कुणी मोठ्यानं भांडलंसुद्धा नव्हतं. तिनं हातातली बशी पुसली, परत पुसली.

"ती केव्हाच कोरडी झाली," तो म्हणाला.

"माहितीये." तरी तिनं बशी खाली ठेवली नाही. "मी जरा ऐकतेय."

तोही ऐकत उभा राहिला.

*

पंधरा दिवसांनी क्रेन उतरली आणि तो गेला. पहिला आठवडा तिला आठ महिन्यांएवढा वाटला. मधल्या काळात तिनं डॉक्टरांकडे जाऊन आपले दोन दात पक्के बसवून घेतले. सगळ्या कामांच्या आधी, रांगेत सर्वांत पुढे स्वतःला घालून.

शनिवारी बस चाळीस मिनिटं उशिरा आली. स्टँडवर ती होती, आजोबा होते, आणि "मी कशाला मधे" म्हणत म्हणत आईही आली होती, नवी साडी नेसून. तो उतरला, पाठीवर पिशवी, केसांत सिमेंटची धूळ. आजोबांनी त्याला मिठी मारली, आईनं वाळलास म्हणून रागावून घेतलं. मग तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, आणि दोघांना एकदम लाजल्यासारखं झालं.

"काय म्हणतेस?"

"काही नाही. भूक लागलीये."

"मलाही."

समोरच्याच हॉटेलात शिरले. शनिवारची गर्दी, भांड्यांचा आवाज, काचेवर वाफ. दारातल्या माणसानं वही सरसावत विचारलं, "किती जण?"

आजवर तिनं या प्रश्नाला कितीदा उत्तर दिलं असेल. बहुतेक वेळा "एक, बांधून द्या." कधीमधी आईबरोबर "दोघी." तिनं मागे वळून पाहिलं. आई आजोबांना पायरी जपून चढा म्हणत होती, आजोबा मी जहाजावर चाळीस वर्षं काढलीत म्हणून सुनावत होते, आणि तो दोघांच्या मागे दोन्ही हात पसरून उभा होता, कुणीही घसरलं तरी धरता यावं म्हणून.

"चार," ती म्हणाली. गर्दीत ऐकू गेलं नसेल म्हणून तिनं ते पुन्हा एकदा, नीट, मोठ्यानं सांगितलं. "आम्ही चौघं आहोत."